असाइनमेंट कोण वाचतं?

कला, वाणिज्य, विज्ञान, शाखा कुठलीही असो, महाराष्ट्रात पदवी घेतलेल्या माणसाला पर्यावरणाचा प्रकल्प आठवतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. अंमलबजावणी रखडत रखडत झाली आणि अखेर यूजीसीने पदवीच्या सगळ्या शाखांसाठी सहा महिन्यांचा सामायिक अभ्यासक्रम आखला. त्यात ७५ गुण लेखी परीक्षेला आणि २५ गुण क्षेत्रभेटीला होते. क्षेत्रभेटीत काय करायचं तेही नीट सांगितलं होतं. आपल्या भागातली नदी, जंगल, गवताळ रान किंवा टेकडी बघून तिची नोंद करा. जवळची एखादी प्रदूषित जागा बघा. साधी झाडं, कीटक, पक्षी यांचा अभ्यास करा. तळं, ओढा, डोंगरउतार यांतलं जीवन बघा.

हे मनापासून झालं असतं तर आज महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यातल्या ओढ्यानाल्यांच्या वीस वर्षांच्या नोंदी आपल्यापाशी असत्या. कुठलं तळं कधी बुजलं, कुठल्या पुलाखाली पाण्याचा रंग कधी बदलला, कुठल्या माळावर माळढोक किंवा धाविक पक्षी शेवटचा कधी दिसला, हे सगळं सापडलं असतं. प्रत्यक्षात सीनियरची फाईल येते, झेरॉक्सवाल्याकडे तयार प्रकल्प मिळतो, पहिल्या पानावरचं नाव बदलतं, वर प्लॅस्टिकचं कव्हर चढतं. सर किंवा मॅडम शेवटच्या पानावर सही करतात. मग गठ्ठा स्टाफरूमच्या कपाटावर जातो आणि एक दिवस रद्दीत निघतो.

यात विद्यार्थ्यांचा आळस आहे, शिक्षकांचा कंटाळा आहे, हे खरंच. पण त्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे, जी दोघांनाही ठाऊक असते. हे लेखन कुणीही वाचणार नाही. लिहिणाऱ्याला ते माहीत असतं, तपासणाऱ्यालाही माहीत असतं. डेव्हिड वायली या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने २०१३ मध्ये अशा कामाला ‘डिस्पोजेबल असाइनमेंट’ म्हटलं. विद्यार्थ्याला ते करायला आवडत नाही, शिक्षकाला तपासायला आवडत नाही आणि जगात त्याने काडीचीही भर पडत नाही.

मग असाइनमेंटला खरा वाचक दिला तर? कॉलेजच्या फाईलऐवजी ती जगासमोर मांडायला सांगितली, ब्लॉगवर, विकिपीडियावर, कुठंही, तर काय होतं? गेल्या वीसेक वर्षांत हा प्रयोग जगात अनेक ठिकाणी झाला. त्यातला एक मोठा प्रयोग आपल्या पुण्यातही झाला आणि तो सपशेल फसला. तो का फसला हे समजून घेणं आज अधिक गरजेचं आहे, कारण आता फाईल भरून द्यायला सीनियरचीही गरज उरलेली नाही.

‘पानं किती, सर?’

असाइनमेंट दिली की वर्गातून पहिला प्रश्न हाच येतो. विषय काय, कशासाठी, कुणासाठी, हे नंतर. पानांच्या हिशेबाची ही सवय अकरावी-बारावीच्या जर्नलपासून लागते. प्रॅक्टिकलचं जर्नल ‘कम्प्लीट’ नसेल तर परीक्षेला बसता येत नाही, म्हणून रीडिंग्ज आधी उत्तराकडून मागे काढली जातात आणि आकृत्या मित्राच्या जर्नलमधून उतरतात. इंजिनिअरिंगला गेलं की याचं पुढचं शिक्षण मिळतं. तिथं ड्रॉइंगशीट ‘जीटी मारून’ पुऱ्या होतात. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग: काचेखाली दिवा, काचेवर मित्राची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि रात्रभर रेघांवरून रेघा. सबमिशनच्या आठवड्यात हॉस्टेलच्या खोल्याखोल्यांतून हा उद्योग चालतो. डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव येऊ नये, टर्मवर्कचे मार्क मिळावेत, एवढाच हेतू.

जीटी मारणारा विद्यार्थी स्वतःला चोर समजत नाही. त्याने जागरण केलेलं असतं, बोटं दुखवलेली असतात. आपल्या व्यवस्थेत हाताने उतरवून काढणं ही मेहनत धरली जाते आणि मेहनतीला मार्क असतात. शिक्षकानेही शिकताना हेच केलेलं असतं. नक्कल हा गुन्हा आहे हे आपण भिंतीवर लिहितो, पण वर्षभर मार्क देतो ते नकलेला. पुण्यात पुढं जे झालं त्याचं बीज इथं आहे.

वाचक असलेलं लेखन

विद्यार्थ्याच्या लेखनाला वाचक असावा ही कल्पना इंटरनेटने आणलेली नाही. मराठी शाळा-कॉलेजांत हस्तलिखितांची आणि भित्तिपत्रकांची जुनी परंपरा आहे. सुवाच्य अक्षराची मुलगी लेख उतरवायची, चित्रकार मित्र मुखपृष्ठ करायचा आणि एकच प्रत वर्गभर फिरायची. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी ‘छात्रालय’ हे दैनिक हाताने लिहून काढत. रोज सकाळी मुलं ते वाचत. पत्रकारितेच्या विभागांत आजही विद्यार्थी प्रायोगिक वृत्तपत्र काढतात आणि त्यातली चूक दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी होते. त्या एका चुकीने जे शिकवलं जातं ते लाल शाईच्या दहा शेऱ्यांनी शिकवलं जात नाही.

फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने या खेड्यातल्या शिक्षकाने १९२०च्या दशकात याच कल्पनेवर आपली सगळी शिक्षणपद्धती उभी केली. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला जखम झाली होती, वर्गात फार वेळ बोलवत नसे. दक्षिण फ्रान्समधल्या बार-सूर-लू या गावच्या शाळेत त्याने एक लहानसं छपाईयंत्र आणलं. मुलं आपल्या अनुभवाबद्दल लिहीत, वर्ग मिळून ते दुरुस्त करी, मुलंच खिळे जुळवत आणि छापलेली पानं ब्रिटनीतल्या त्रेगंक गावच्या शाळेला पाठवली जात. तिकडची पानं इकडे येत. शुद्धलेखनासाठी त्याला वेगळा धाक घालावा लागला नाही. एकेक खिळा हाताने लावायचा आणि दूरची मुलं ते वाचणार, एवढं पुरेसं होतं.

फ्रेनेच्या पद्धतीत एक गोष्ट मात्र नजरेतून सुटता कामा नये. मजकूर यंत्रावर जाण्याआधी तो वर्गात सगळ्यांसमोर वाचला जाई, तासला जाई. दूरचा वाचक मिळण्याआधी जवळचा वाचक मिळालेला असे.

व्हँकुव्हरचा वर्ग

२००८ च्या जानेवारीत कॅनडात व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात जॉन बीझ्ली-मरे हे प्राध्यापक लॅटिन अमेरिकन साहित्याचा एक अभ्यासक्रम शिकवत होते. त्याचं नाव मोठं झकास होतं: ‘मर्डर, मॅडनेस अँड मेहेम’. त्यांनी सत्रान्त निबंधाऐवजी विद्यार्थ्यांना विकिपीडियाचे लेख लिहायला सांगितलं. त्या काळी बहुतेक प्राध्यापक विकिपीडियाचं नाव काढलं तरी मार्क कापत. बीझ्ली-मरे यांनी मार्कांचं गणितच विकिपीडियाच्या हाती दिलं. लेखाला तिथल्या जाणत्या संपादकांनी ‘गुड आर्टिकल’ ठरवलं तर ए, आणि ‘फीचर्ड आर्टिकल’ म्हणजे विकिपीडियाचा सर्वोच्च दर्जा मिळाला तर ए प्लस.

विद्यार्थ्यांचे लहान गट पडले. प्रत्येक गटाकडे एक लेखक किंवा एक कादंबरी. ग्वातेमालाचे नोबेलविजेते मिगेल आंखेल आस्तुरियास यांची हुकूमशाहीवरची कादंबरी ‘एल सेन्योर प्रेसिदेंते’ एका गटाकडे आली, गार्सिया मार्केस यांची सिमोन बोलिव्हारच्या अखेरच्या दिवसांवरची कादंबरी दुसऱ्याकडे, मारिओ व्हार्गास योसा तिसऱ्याकडे. सत्र संपेपर्यंत या वर्गाचे तीन लेख सर्वोच्च दर्जाला पोचले आणि आठ ‘गुड आर्टिकल’ ठरले. विकिपीडियावर असं यश मुरलेल्या संपादकांनाही सहजी मिळत नाही.

हे कसं साधलं त्यात खरी गोम आहे. नेहमीचा निबंध विद्यार्थी एका रात्रीत लिहितो, देतो आणि विसरतो. इथं प्रत्येक वाक्याला कुणीतरी अनोळखी माणूस विचारत होता: हे कशावरून? कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या पानावर? विद्यार्थी पुन्हा ग्रंथालयात जात, पुन्हा लिहीत. एकेका लेखात शेकडो वेळा बदल झाले. बीझ्ली-मरे यांनी नंतर लिहिलेल्या टिपणात भर याच गोष्टीवर आहे. पुनर्लेखन हे लेखनाचं मर्म असतं आणि कॉलेजात नेमकं तेच शिकवायचं राहून जातं.

यश मिळालं ते मात्र आपोआप नव्हे. विकिपीडियावरचे काही अनुभवी स्वयंसेवक या वर्गामागे उभे राहिले आणि त्यांनी विद्यार्थ्यांना हाताला धरून शिकवलं. वर्ग लहान होता. लेख डझनभरच होते. प्राध्यापक स्वतः रोज तिथं होते. या चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात, कारण पुण्यात या चारही नव्हत्या.

स्वतःची जागा

विकिपीडियावर ‘मी’ला स्थान नाही. तिथं स्वतःचं मत, स्वतःचं निरीक्षण चालत नाही, जे कुठंतरी आधी छापलं गेलंय तेच संदर्भासह मांडायचं असतं. ज्या अभ्यासात विद्यार्थ्याची स्वतःची समज दिसायला हवी तिथं अनेक शिक्षकांनी ब्लॉगचा रस्ता धरला.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या मेरी वॉशिंग्टन विद्यापीठाने २००७ मध्ये विद्यार्थ्यांसाठी स्वतःचा ब्लॉगमंच सुरू केला. २०१३ पासून प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला स्वतःचं डोमेन आणि वेबसाइटसाठी जागा मिळू लागली. पदवी संपली की ती जागा घेऊन तो बाहेर पडू शकतो. यामागचा विचार सरळ आहे. कॉलेजच्या पोर्टलवर दिलेली असाइनमेंट सत्र संपताच कुलूपबंद होते, त्या लेखनाची मालकी नावापुरती विद्यार्थ्याची. स्वतःच्या जागेवर लिहिलेलं त्याचं राहतं, वाढतं, चार वर्षांनी त्याचं त्यालाच मागं वळून वाचता येतं.

एवढ्या खर्चाची व्यवस्था लागतेच असं नाही, हे शेजारच्या गुजरातेत दिसतं. भावनगर विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात प्रा. दिलीप बारड यांच्या पुढाकाराने एम. ए.चे विद्यार्थी वर्षानुवर्षं असाइनमेंट ब्लॉगवर लिहीत आले आहेत. फुकटातला ब्लॉगर, एक मोबाइल किंवा विभागातला संगणक, एवढीच सामग्री. शेक्सपिअरपासून सलमान रश्दींपर्यंत सगळ्यांवरचे ‘थिंकिंग अ‍ॅक्टिव्हिटी’ या मथळ्याचे शेकडो लेख इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात. सगळे उत्तम नाहीत. काही गाइडछाप आहेत, काहींचं इंग्रजी लंगडतं. पण एकाच विद्यार्थिनीचा पहिल्या सत्रातला आणि चौथ्या सत्रातला लेख शेजारी ठेवून वाचण्याची सोय तिथं आहे. आपल्या किती विभागांत ती आहे? आपल्याकडे पहिल्या सत्राची फाईल चौथ्या सत्रापर्यंत शिल्लकच नसते.

पुणे, २०११

अमेरिकेत २०१०-११ या वर्षात विकिमीडिया फाउंडेशनने विद्यापीठांशी हात मिळवून विद्यार्थ्यांकडून सार्वजनिक धोरणांवरचे लेख लिहून घेतले. उपक्रम चांगला वठला. मग तो भारतात आणायचं ठरलं आणि पहिलं शहर निवडलं गेलं पुणे. २०११ च्या जून-जुलैत कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, सिम्बायोसिसचं अर्थशास्त्राचं कॉलेज आणि एसएनडीटी इथं काम सुरू झालं. शेकडो विद्यार्थी एकदम इंग्रजी विकिपीडियावर उतरले. त्यांना मदत करायला ‘कॅम्पस अ‍ॅम्बॅसॅडर’ नेमले गेले. हुशार, उत्साही मुलं होती ती, पण बहुतेकांनी विकिपीडियावर त्याआधी फारसं काही लिहिलेलं नव्हतं.

काही आठवड्यांतच इंग्रजी विकिपीडियाच्या जुन्या संपादकांच्या लक्षात आलं की पाठ्यपुस्तकांतले आणि वेबसाइटवरचे परिच्छेदच्या परिच्छेद जसेच्या तसे येऊन पडताहेत. त्यांनी मजकूर काढला, विद्यार्थ्यांच्या चर्चापानांवर इशारे लिहिले. इशारे बऱ्याच जणांनी वाचलेच नाहीत, कारण तिथं इशारे येतात हेच त्यांना ठाऊक नव्हतं. काढलेला मजकूर पुन्हा चढला. सबमिशनची तारीख जवळ आली तसा लोंढा वाढला. काही खाती बंद करावी लागली. सफाई करणारी सगळी माणसं विनामोबदला काम करणारी होती आणि त्यांचा संताप तिथल्या चर्चांमध्ये उघड दिसतो. अखेर नोव्हेंबर २०११ मध्ये पुण्याचा प्रयोग थांबवण्यात आला. विद्यार्थ्यांचं एकेक संपादन तपासण्याचं काम त्यानंतरही चालू राहिलं.

फाउंडेशनने बाहेरच्या परीक्षकाकडून मूल्यमापन करून घेतलं आणि अहवाल जाहीर केला, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. अपयश झाकायची सवय असलेल्या आपल्या संस्थांनी तो नमुना म्हणून वाचावा. अहवालाचं म्हणणं थोडक्यात असं: फार मोठ्या संख्येने सुरुवात केली, मुरलेले विकिपीडिया संपादक सोबत नव्हते, तिथल्या समुदायाला आधी विश्वासात घेतलं नाही, शिक्षकांचा सहभाग तोकडा पडला, आणि विद्यार्थ्यांची इंग्रजीची तयारी व कॉपीराइटची जाण गृहीत धरली गेली.

त्या वेळी परदेशातल्या काही संपादकांनी आणि इकडच्याही काही जणांनी सोपा निष्कर्ष काढला की भारतीय विद्यार्थी लबाड असतात. मला हा निष्कर्ष चुकीचा वाटतो. ज्या मुलांना दहा वर्षं पुस्तकातलं उत्तर शब्दशः लिहिल्याबद्दल पैकीच्या पैकी मार्क मिळाले, जर्नल उतरवल्याबद्दल सही मिळाली, त्यांनी उघड्या जगातही तेच केलं. पाठ्यपुस्तकातलं वाक्य बदलून लिहिलं तर मार्क कापले जातात हा त्यांचा अनुभव होता. ते वाक्य बदललं नाही म्हणून खातं बंद होतं, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. फरक एवढाच की कॉलेजात ही नक्कल कपाटावर धूळ खात पडली असती, इथं ती चार महिन्यांत चव्हाट्यावर आली. पुण्याच्या प्रयोगाने नवा रोग आणला नाही, जुन्या रोगाचं निदान केलं. ते निदान वाचायला मात्र विद्यापीठांपैकी कुणी फारसं पुढं आलं नाही.

भाषेचा मुद्दा

पुण्यानंतर काही महिन्यांतच, २०१२ मध्ये, फाउंडेशनने इजिप्तच्या कैरोत तोच प्रयोग नव्याने केला. पुण्याचा धडा घेऊन. कैरो विद्यापीठ आणि ऐन शम्स विद्यापीठ इथल्या थोड्या वर्गांपासून सुरुवात झाली, अरबी विकिपीडियाचे जाणते संपादक मदतीला घेतले, आणि लेखन अरबीत ठेवलं. परकीय भाषांच्या विभागांतले विद्यार्थी इतर भाषांमधले चांगले लेख अरबीत आणू लागले. प्रयोग टिकला आणि वाढला. बेंगळुरूच्या क्राइस्ट विद्यापीठात २०१३ च्या सुमारास हिंदी, कन्नड, तमिळ, संस्कृत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपापल्या भाषेच्या विकिपीडियासाठी लिहायला सुरुवात केली, तेही याच वाटेने.

मराठी वाचकांनी इथं थांबून विचार करावा. इंग्रजीत कुठल्याही विषयावर तयार मजकूर पसरलेला असतो, नक्कल एका क्लिकवर असते. मराठीत थर्मोडायनॅमिक्सवर, बँकांच्या थकीत कर्जांवर, गुंटर ग्रासवर असा मजकूर सहजी मिळत नाही. तो लिहायचा तर विषय समजावाच लागतो. समजला नाही तर मराठी वाक्य उभंच राहत नाही. मातृभाषेतलं लेखन हा नकलेवरचा सर्वात स्वस्त उपाय होता आणि पुण्यात बसूनही त्याचा विचार फारसा झाला नाही. मराठी विकिपीडिया तर १ मे २००३ पासून चालू होता.

अर्थात यंत्रानुवादाने ही भिंतही आता खचवली आहे. तरी यंत्राची मराठी अजून ओळखू येते आणि ती दुरुस्त करायची म्हटली तरी दोन्ही भाषा आणि विषय कळावा लागतो. तेही शिक्षणच आहे.

राज्य मराठी विकास संस्थेने मराठी भाषा पंधरवड्याच्या निमित्ताने कॉलेजांमध्ये विकिपीडियाच्या कार्यशाळा घेतल्या आहेत. हेतू स्तुत्य आहे. पण एका दिवसाच्या कार्यशाळेत खातं उघडलं जातं, दोन वाक्यांचा लेख तयार होतो, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी तासांना सुरुवात होते. अभ्यासक्रमात जागा आणि मार्क मिळाल्याशिवाय हे काम रुजणार नाही.

चांगल्या कल्पनेच्या अडचणी

उघडं लेखन म्हटलं की शिक्षक तीन हरकती घेतात आणि तिन्हीत तथ्य आहे.

पहिली, वेळ. यूजीसीच्या निकषांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं. वाणिज्यच्या एका तुकडीत १२० मुलं असतात. एक लेख नीट वाचायला दहा मिनिटं धरली तर एकदाच वाचायला २० तास लागतात, आणि पुनर्लेखन करून घ्यायचं तर हे दोनदा-तीनदा. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या सीएचबी शिक्षकाला तर तपासण्याच्या वेळेचं मानधनही नीट मिळत नाही. त्याच्याकडून ही अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. उपाय एकच: लेख कमी, गट लहान, आणि पहिलं वाचन विद्यार्थ्यांनी एकमेकांचं करायचं. १२० फाइलींऐवजी ३० लेख, प्रत्येकाचे दोन खर्डे. काम वाढत नाही, रद्दी कमी होते.

दुसरी हरकत सुरक्षिततेची. अठराव्या वर्षी लिहिलेलं वाक्य अठ्ठाविसाव्या वर्षी नोकरीच्या मुलाखतीत समोर येऊ शकतं. मुलीने नाव आणि फोटोसह लिहिलं की नको त्या माणसांचे नको ते संदेश येतात. जात, धर्म, आरक्षण यांवर मोकळं मत मांडणाऱ्या विद्यार्थ्यामागे झुंडी लागतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे आणि तिची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. ज्युनिअर कॉलेजचा जवळजवळ सगळा वर्ग आणि प्रथम वर्षातलीही काही मुलं त्यात येतात. म्हणून टोपणनावाने लिहिण्याची मुभा हवी, ज्याला उघडं लिहायचं नाही त्याला वर्गापुरतं लिहिण्याची सोय हवी, आणि सत्र संपल्यावर ब्लॉगवरचं आपलं लेखन काढून टाकण्याचा हक्क हवा. शिक्षकाचा शेरा आणि मार्क उघड्यावर कधीच जाता कामा नयेत. हे चार नियम लिहून न देणाऱ्या कॉलेजने या वाटेला जाऊ नये.

तिसरी हरकत आजची. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि घरून लिहून आणायच्या असाइनमेंटचा उरलासुरला अर्थ गेला. यूजीसीचे २०१८ चे वाङ्मयचौर्यविरोधी नियम साम्याच्या टक्क्यांवर उभे आहेत. १० टक्क्यांपर्यंत माफी, ६० च्या वर सर्वात कडक कारवाई. यंत्राने लिहिलेला निबंध कुठल्याच छापील मजकुराशी जुळला नाही तर या मोजपट्टीवर तो निर्दोष सुटतो. मग उघड्या लेखनाने काय साधणार? ब्लॉगवरही यंत्राचंच लेखन चढेल की.

चढेल. विषय ‘जलप्रदूषण: कारणे व उपाय’ असा असेल तर नक्की चढेल. पण विषय असा दिला तर? आपल्या गावच्या ओढ्यावर एका ठरावीक पुलाजवळ सलग आठ शनिवारी जाऊन पाणी, वास, कचरा, पक्षी यांची तारीखवार नोंद करा, फोटो लावा, काठावरच्या दोन माणसांना विचारा आणि मागच्या वर्षीच्या गटाने त्याच पुलावर काय टिपलं होतं त्याच्याशी ताडून बघा. यंत्राला तो पूल माहीत नाही. मागच्या वर्षीची नोंद खोटी असेल तर या वर्षीचा गट ती पकडेल, आणि गावातला कुणी वाचून म्हणेल, बाळा, त्या शनिवारी तर ओढ्याला पूर होता.

त्याचबरोबर लेखनाचा माग ठेवता येतो. मराठी विकिपीडियावर नवशिक्याने आधी स्वतःच्या धूळपाटीवर लिहायचं असतं. पानाच्या ‘इतिहास पहा’ या कळीवर प्रत्येक बदल तारीख-वेळेसह दिसतो. आठ आठवड्यांत चाळीस वेळा बदललेला लेख आणि शेवटच्या रात्री अकरा वाजता एकदम चिकटवलेला लेख यांतला फरक बघायला कुठलंही महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. मार्क अखेरच्या लेखाला कमी आणि या प्रवासाला जास्त द्यावेत.

करायचं काय

राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांतही आता नव्या शैक्षणिक धोरणाचे अभ्यासक्रम आले आहेत. अंतर्गत मूल्यमापनाचा वाटा वाढला, क्षेत्रप्रकल्पाला स्वतंत्र श्रेयांक मिळाले. म्हणजे फाइली आणखी वाढणार आहेत. त्या वाढायच्या आतच काही गोष्टी ठरवायला हव्यात.

विकिपीडिया आणि ब्लॉग यांची कामं वेगळी ठेवावीत. जिथं छापील संदर्भ आहेत तिथं मराठी विकिपीडिया: एखादा रासायनिक पदार्थ, एखादा कायदा, एखादी परभाषेतली कादंबरी. जिथं संदर्भ विद्यार्थ्याचे डोळे आणि कान आहेत तिथं विभागाचा सामायिक ब्लॉग: गावचा बाजार, आजीची बोली, ओढ्याच्या नोंदी. एका वेळी एकच वर्ग घ्यावा. मराठी विकिपीडियाच्या चावडीवर आधी जाऊन सांगावं की आमचे एवढे विद्यार्थी येणार आहेत. पुण्यात हेच राहिलं होतं. संदर्भ कसा द्यायचा, दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत कसं मांडायचं, हे पहिले तीन आठवडे फक्त शिकवावं, त्याला मार्क असावेत आणि काहीही जाहीर करू नये.

आणि सर्वात आधी शिक्षकाने स्वतः तिथं लिहावं. पोहता न येणाऱ्याने पोहायला शिकवू नये. ज्या प्राध्यापकाने स्वतःचा एक परिच्छेद अनोळखी माणसाकडून दुरुस्त करून घेतलेला नाही, त्याला विद्यार्थ्याचा संकोचही कळणार नाही आणि आनंदही.

व्हँकुव्हर, भावनगर, पुणे आणि कैरो यांतून मला एकच गोष्ट ठामपणे सांगता येते. लेखन उघड्यावर आणल्याने ते आपोआप सुधारत नाही. जिथं शिक्षकाने आधी वाचलं, पुन्हा लिहायला लावलं, मग जगापुढं धाडलं, तिथं ते सुधारलं. जिथं शिक्षकाची जागा संकेतस्थळाने घ्यावी अशी अपेक्षा होती, तिथं ते कोसळलं. जगाचा वाचक मिळवून देणं सोपं आहे, ब्लॉग पाच मिनिटांत उघडतो. अवघड आहे तो पहिला वाचक होणं.

हा लेख वाचणाऱ्यांत प्राध्यापक बरेच असतील. सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू होईल तेव्हा सगळ्या असाइनमेंट बदलायची गरज नाही. एक निवडा, एका वर्गापुरती. विषय गावातला द्या, दोन खर्डे मागा, दोन्ही वाचा, आणि चांगले निघतील तेवढेच लेख विद्यार्थ्यांच्या संमतीने जगापुढं ठेवा. बाकीच्या फाइलींवर नेहमीसारखी सही केलीत तरी या वर्षापुरतं चालेल.